शिळ्या पावाचा हिशेब

परदेश पाहून आलेल्या शाकाहारी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात दोन गोष्टी हमखास येतात: तेलाची एक महागडी बाटली आणि तिथे खाल्लेला पदार्थ हुबेहूब करून दाखवण्याची जिद्द. बाटली संपते, जिद्द त्याआधीच. इटलीच्या बाबतीत तर हे फारच होते, कारण तिथल्या जेवणाशी आपली ओळख हॉटेलच्या मेन्यूतून झालेली असते. पास्ता, पिझ्झा आणि पांढरा सॉस यांच्यापलीकडे इटलीत घराघरांत एक साधा, जाडाभरडा, भांडेभर शिजणारा स्वयंपाक आहे आणि शाकाहारी घराला त्यातूनच सगळ्यात जास्त घेता येण्यासारखे आहे. टस्कनीतले रिबोलिता नावाचे सूप हे त्याचे उत्तम उदाहरण. असे सूप घरी आणायचे तर त्यातल्या जिनसांची यादी पाठ करून भागत नाही. ज्या हिशेबाने ते जन्माला आले तो हिशेब उचलावा लागतो. जिनसा बदलल्या तरी तो हिशेब टिकला तर सूप टिकते. उलट जिनसा अस्सल आणल्या आणि हिशेब विसरला, तर हाती येतो तो फक्त महाग पालेभाजीचा रस्सा.

हिशेब असा. टस्कनीतला परंपरागत पाव बिनमिठाचा, मोठा आणि जाड सालीचा. खेड्यातल्या घरी तो आठवड्याला एकदाच भाजला जाई. भट्टी रोज पेटवणे परवडत नसे. तीन-चार दिवसांनी तो दगडासारखा होई, पण फेकणार कोण? मग पांढऱ्या घेवड्याचे दाणे, कांदा, गाजर, सेलरीचे देठ, थोडा टोमॅटो, बटाटा, साधा कोबी आणि कावोलो नेरो नावाची काळपट हिरवी, लांब पानांची कोबीच्या जातीची भाजी यांचे मोठे भांडे चढे आणि त्यात या पावाचे काप पडत. पहिल्या दिवशी ते भाजीचे सूप म्हणून खायचे. उरलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचे. तोवर पाव रस पिऊन इतका फुगलेला असतो की चमचा उभा राहावा. वरून कच्चे ऑलिव्ह तेल. रिबोलिता म्हणतात ते या दुसऱ्या दिवसाच्या घट्ट अवताराला. पुढे उरलेच तर तव्यावर तेलात दाबून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजतात. म्हणजे एकदा रांधायचे आणि तीन वेळा, तीन वेगळ्या रूपांत जेवायचे.

या काटकसरीमागे जमिनीची एक व्यवस्था होती. टस्कनीत शतकानुशतके मेत्झाद्रिया नावाची बटाईची पद्धत चाले. शेत आणि घर मालकाचे, राबणार कुळाचे मोठे एकत्र कुटुंब आणि पीक निम्मे निम्मे. वाट्याला आलेल्या निम्म्यात वर्ष काढायचे तर पावाचा तुकडाही मोजून खावा लागे. 1964 साली इटलीने कायदा करून असे नवे करार करायला बंदी घातली. तोवर कितीतरी कुटुंबे शहरांकडे निघूनही गेली होती. आज फ्लॉरेन्सच्या उपाहारगृहात हेच सूप मातीच्या वाडग्यात, चांगल्या किमतीला मिळते. गरिबांच्या उपासमारीचे हे कौतुक बरे नव्हे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे. ते जीवन गोड नव्हते आणि ज्यांना सोडता आले त्यांनी ते सोडले. पण कौतुक अभावाचे करण्याचे कारण नाही. दाद द्यायची ती अभावातून घडलेल्या कौशल्याला, आणि ते वापरायला गरीब असावे लागत नाही.

आता शाकाहाराकडे. टस्कनीचे हे शेतकरी सूप मुळातच शाकाहारी आहे, असे प्रवासवर्णनांत सर्रास लिहिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. पेल्लेग्रीनो आर्तुसी हा रेशमाचा व्यापारी. धंद्यातून मोकळा झाल्यावर त्याने फ्लॉरेन्समध्ये राहून पाककृती गोळा केल्या आणि 1891 साली पदरचे पैसे घालून पुस्तक छापले. इटलीतल्या घरगुती स्वयंपाकाचा तो आजही आधारग्रंथ आहे. त्यात रिबोलिताच्या सख्ख्या भावंडासारखी एक कृती आहे, आणि तिच्या नावातच हे सूप बिनमांसाचे, म्हणजे चर्चच्या उपवासाच्या दिवसांना चालणारे, असे म्हटले आहे. साहित्य पाहावे तर 400 ग्रॅम शिळा पाव, 300 ग्रॅम पांढरा घेवडा, 150 ग्रॅम तेल, दोन लिटर पाणी, दोन प्रकारचे कोबी, आणि त्यातच डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या सालीचे काही तुकडे! नाव उपवासाचे आणि भांड्यात साल. शेतकऱ्याच्या घरी मांस नसे ते व्रत म्हणून नव्हे, परवडत नसे म्हणून. साल किंवा हाड मिळाले की ते आनंदाने पडे. म्हणूनच टस्कनीत फिरताना शाकाहारी माणसाने नावावर विसंबू नये. सूप हाडांच्या ‘ब्रोदो’त शिजवले आहे का आणि त्यात ‘कोतेन्ना’, म्हणजे ती साल, आहे का, हे दोन शब्द वापरून विचारावे. वर किसून येणाऱ्या पार्मिजानो रेज्जानो चीजचेही तेच. त्याच्या नियमांनुसार दूध घट्ट करायला वासराच्या जठरातले रेनेट वापरणे बंधनकारक आहे. रिबोलितावर चीज घालण्याची गरज नसतेच. तिथले जुने लोक तेलावरच भागवतात. घरी घालायचेच असेल तर सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट वापरणारे, हिरव्या ठिपक्याचे चीज आपल्याकडे सहज मिळते.

शाकाहारी स्वयंपाकात नेहमीची चूक होते ती इथे. कृतीतली साल वगळली की काम झाले असे वाटते. मग सूप पचपचीत होते आणि दोष शाकाहाराच्या माथी येतो. साल भांड्यात तीन गोष्टी आणत होती: मीठ, स्निग्धता आणि जिभेवर रेंगाळणारी एक खोल चव. त्या तिन्ही दुसरीकडून आणायला हव्यात. पहिला उपाय वेळेचा आहे. कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे, करपू न देता, गोडसर आणि मऊ होईपर्यंत परतायची. इटलीत याला सोफ्रित्तो म्हणतात आणि अर्धे सूप इथेच तयार होते. घाई केली तर नंतर कशानेही भरपाई होत नाही. मग चमचाभर टोमॅटोची पेस्ट त्यातच गडद होईपर्यंत परतावी. मशरूम चालत असतील तर मूठभर वाळके मशरूम कोमट पाण्यात भिजवून पाण्यासकट घालावेत. मांसातली ती खोल चव ज्या ग्लुटामेटमुळे येते ते यांतही भरपूर असते. घेवडा शिजल्याचे पाणी ओतून देऊ नये, तोच आपला स्टॉक. निम्मे दाणे वाटून घातले की रस्सा दुधाळ आणि दाट होतो. तेलाचा हात मात्र आखडता घेऊ नये. आर्तुसीचे प्रमाण सहा माणसांसाठी आहे. म्हणजे माणशी 25 ग्रॅम तेल, आणि तेही मांसाची साल असताना.

जिनसांच्या अदलाबदलीत सर्वांत मोठी अडचण वाटते ती कावोलो नेरोची. मोठ्या शहरांत तो केल नावाने, चकचकीत पाकिटात आणि चढ्या भावाने मिळतो. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने कावोलो नेरो, कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही सारी एकाच प्रजातीची भावंडे आहेत. नवलकोलाची पाने आणि फ्लॉवरच्या गड्ड्याभोवतीची कोवळी पाने तशाच किंचित कडवट चवीची आणि तासभर शिजूनही न विरघळणारी असतात. मंडईत ती गाईपुढे जातात. पालक मात्र घालू नये, तो लगेच गळतो. घेवड्याबद्दल तर इतिहासच आपल्या बाजूने आहे. टस्कनीची शान मानला जाणारा कान्नेल्लीनी घेवडा मूळचा अमेरिका खंडातला. युरोपात आला तो सोळाव्या शतकात. त्याआधी रोमनांच्या काळापासून इटलीत खाल्ली जाई ती चवळी. रोमच्या कोलोन्ना संग्रहात आन्निबाले कार्राच्चीचे 1580 च्या दशकातले प्रसिद्ध चित्र आहे: एक गडी वाडग्यातल्या दाण्यांचा चमचा तोंडाकडे नेतो आहे, शेजारी पाव आणि पातीचे कांदे. त्या वाडग्यातले दाणे बहुतेक अभ्यासक चवळीचे मानतात. तेव्हा पांढरा राजमा मिळाला तर उत्तम, नाही तर चवळी बिनदिक्कत वापरावी. राजम्याच्या जातीचे कोणतेही दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवावेत. कच्च्या दाण्यातले लेक्टिन हे विषारी प्रथिन नुसत्या मंद आचेवर जात नाही.

इतके बदलल्यावर याला रिबोलिता म्हणायचे तरी कशाला, सरळ पाव घातलेली उसळ म्हणा की, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे, म्हणून मर्यादा सांगायला हवी. मोहरी-हिंगाची फोडणी, गोडा मसाला, कोथिंबीर आली की तो पदार्थ आपला झाला. चविष्ट होईल, पण त्याला दुसरे नाव द्यावे. मंद परतलेला पाया, दाणे, कोबीच्या कुळातले पान, शिळा पाव, रात्रभराची विश्रांती आणि वरचे कच्चे तेल ही या सुपाची ओळख आहे. बाकी सारे टस्कनीतही गावागणिक बदलते. कुठे बटाटा असतो, कुठे नाही. कुठे टोमॅटो नावापुरता, तर कुठे वर कांद्याच्या चकत्या लावून भांडे भट्टीत जाते. खुद्द आर्तुसीची कृती पुन्हा न उकळता, पावावर रस्सा ओतून वीस मिनिटे झाकून ठेवण्याची आहे. ज्या पदार्थाचे मुख्य कडधान्यच परदेशातून आले, त्याच्या शुद्धतेचा पहारा किती करायचा? ऑलिव्ह तेलावर मात्र तडजोड नको. परतायला साधे तेल चालेल, पण शेवटचे दोन चमचे चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनचेच हवेत. पिठल्यावर कच्चे शेंगदाणा तेल घेणाऱ्यांना त्याचे कारण वेगळे सांगायला नको.

पावाचे थोडे अधिक सांगायला हवे, कारण घरोघरी सूप बिघडते ते इथेच. पाव शिळा होतो म्हणजे नुसता वाळतो असे नाही. भाजताना पाणी पिऊन फुगलेल्या स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधले जातात, म्हणून तो कडक होतो. असा पाव गरम रश्शात हळूहळू मऊ होतो आणि रस धरून ठेवतो. ताजा लादी पाव घातला तर त्याची लापशी होते. लादी पावच असेल तर काप करून दिवसभर उघड्यावर किंवा मंद ओव्हनमध्ये पूर्ण वाळवावेत. बेकरीचा कडक ब्रून पाव त्याहून बरा. गोव्यातली कोंड्याची पोय दोन दिवसांची झाली की या कामाला फारच चांगली. आपल्या पावात मीठ असते, टस्कनीच्या पावात नसते. तेव्हा सुपात मीठ घालताना हात आवरावा. फोडणीची पोळी करणाऱ्यांना शिळ्यातून नवे करण्याची कला नवी नाही, पण पोळी किंवा भाकरी इथे चालत नाही, उकळीत ती पिठूळ होते.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर: शिळे अन्न. टस्कनीच्या हिवाळ्यात भांडे रात्रभर चुलीशेजारी राहू शकत असे. मुंबईच्या पावसाळ्यात किंवा विदर्भाच्या मे महिन्यात तसे करणे धोक्याचे आहे. पाव, भात, कडधान्ये यांसारख्या पिष्टमय अन्नात काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात. अन्न कोमट राहिले की ते वाढतात, आणि त्यांतल्या काहींनी सोडलेले विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. ‘उद्या उकळणारच आहे की’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. सूप पसरट भांड्यांत काढून लवकर निववावे, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी लागेल तेवढेच काढून खळखळून उकळावे. शिळे न खाण्याचा ज्यांचा नियम आहे त्यांनी आर्तुसीचा त्याच दिवसाचा मार्ग धरावा. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या घरात मात्र हे सूप जमणार नाही. पायाच काढला तर वर उभे काय राहणार?

कुटुंबासाठी याचा खरा फायदा आठवड्याच्या गणितात आहे. गहू आणि कडधान्य एकत्र आल्याने प्रथिनांतली एकाची उणीव दुसरे भरून काढते, जसे वरण-भातात होते. मुले पहिल्या दिवशी पानांकडे पाहून नाक मुरडतील. त्यांना तिसऱ्या दिवसाचा तव्यावरचा खरपूस तुकडा आधी द्यावा. रविवारी केलेले भांडे मंगळवारी रात्री संपते आणि मधल्या दिवसांत काय करायचे हा प्रश्न पडत नाही. नवलकोल थंडीत स्वस्त आणि कोवळा असतो, तेव्हा सुरुवात डिसेंबरात करा. भाजीवाल्याला सांगा, पाने कापू नका, तशीच द्या. तो जादा पैसे मागणार नाही.