मुकुट आणि मूर्च्छा

आमच्या हसनाबादच्या बाजूने अजिंठ्याला शाळांच्या सहली नेहमी जातात. सोळाव्या लेण्यात डाव्या भिंतीकडे बोट करून मुलांना सांगितले जाते, ‘ही मरणासन्न राजकन्या.’ एकाच स्थिर चित्रात कथा कशी मावते, हा प्रश्न घेऊन मी या भिंतीपुढे अनेकदा उभा राहिलो आहे, आणि या नावापाशी दर वेळी अडखळलो आहे. कारण बहुतेक अभ्यासकांच्या मते ती मरत नाही.

ती नंदाची पत्नी सुंदरी. नंद हा गौतम बुद्धांचा सावत्र भाऊ. बुद्धांनी त्याच्या हाती भिक्षापात्र दिले, तो संकोचाने मागोमाग विहारात गेला आणि तिथे त्याचे मुंडन झाले. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात निघताना त्याने बायकोला शब्द दिलेला आहे, की तुझ्या चेहऱ्यावरची ओली रेखाटणी सुकायच्या आत परततो. कवीला असा शब्द वापरता येतो. ‘तो आला नाही’ हे रंगात कसे दाखवायचे?

चित्रकाराने मुकुट दाखवला. सेवक नंदाचा मुकुट घेऊन आला आहे. मुकुट आहे आणि त्याखालचे मस्तक नाही, एवढ्यात मुंडन, दीक्षा, संसाराचा शेवट सगळे आले. सुंदरीची मान कलली आहे, डोळे अर्धवट मिटले आहेत, दासीने तिला मागून सावरले आहे. मूर्च्छेचे कारण आणि परिणाम एकाच क्षणात बसवले आहेत. सतराव्या लेण्यातल्या विश्वंतराच्या कथेत तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो आणि आपली नजर त्याच्यामागून चालते. इथे नजर एका जागी थांबवून मनाला मागेपुढे धावायला लावले आहे. मला हे अधिक अवघड काम वाटते.

गंमत अशी, की मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या प्रती करवून घेतल्या, तेव्हा याच चित्राच्या कथनशक्तीची त्यांनी मुक्तकंठाने वाखाणणी केली. भाव त्यांना अचूक पोचला; कथा मात्र त्यांच्या लेखी एका मरणाऱ्या स्त्रीची होती. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणे कोरवले, तेव्हाच्या उपासकाला नंदाची गोष्ट आधीच ठाऊक असणार. चित्र त्याला गोष्ट सांगत नव्हते, आठवण करून देत होते. शिवाय भिंतीवर नंदाचे इतर प्रसंगही आहेत, पण रंग बराच झडल्याने ते चटकन ओळखू येत नाहीत. म्हणजे हे चित्र आज इतके एकटे दिसते, त्यात पडझडीचाही वाटा आहे.

पुस्तकांत बहुधा सुंदरी आणि भोवतालच्या दासी एवढाच भाग छापतात. मुकुट चौकटीबाहेर राहिला, की उरते ती आजारी बाई, आणि मग ग्रिफिथ्सकालीन नावच बरोबर वाटू लागते. नंदाची गोष्ट आपल्याकडची, पण चित्र आपण अजून त्याच नावाने ओळखतो. सोळाव्यात गेलात तर आधी मुकुट शोधा, सुंदरीकडे नंतर वळा.