तळ कोठे द्यावा?

(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात पोहणे, सायकल आणि धावणे या तीन अंगांची आठवड्यात वाटणी कशी करावी, याचे विवेचन केले होते. ते वाचून येथल्याच एका सरकारी कचेरीत काम करणाऱ्या गृहस्थांनी मोठी नेमकी पृच्छा केली आहे. गोव्याच्या अर्ध-आयर्नमॅन स्पर्धेत, म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहून, ९० किलोमीटर सायकल हाकून, वर २१.१ किलोमीटर धावण्याच्या त्या उपद्व्यापात, त्यांनी नाव नोंदविले आहे. साहेबांची मनधरणी करून पंधरा दिवसांची अर्जित रजा मंजूर करून घेतली आहे. आणि ती पदरात पडल्यावर आता सरावासाठी पचमढीस जावे, चिखलदऱ्यास जावे, की एकदम समुद्रच गाठावा, या पेचात ते सापडले आहेत. शेजारच्या वयोवृद्ध काकाजींनी ‘काहून जी, अंबाझरीतलं पाणी आटलं काय, पोहायले तेवढ्या दूर चालले?’ असे विचारून आपणांस निरुत्तर केले, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. काकाजींच्या या सवालातच आजच्या लेखांकाचा विषय आला, असे मी समजतो. कारण अंबाझरीत जे मिळते त्यासाठी हजार किलोमीटर जाण्याचे काहीच प्रयोजन नाही, आणि जे मिळत नाही ते नेमके काय, याची मोजदाद केल्यावाचून मुक्कामाचे गाव ठरविता येत नाही.

तळ हलविणे ही गोष्ट नागपुरास अपरिचित नाही. रघूजी भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात बंगालच्या मोहिमांवर जात, तेव्हा मुक्कामाची जागा पाणी, चारा आणि बाजार पाहून मुक्रर होई. सृष्टिसौंदर्याची चौकशी कोणा स्वाराने केली असेल, असे वाटत नाही. पुढे इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताचे सरकार उन्हाळा लागला की आपले दप्तर गुंडाळून सातपुड्यात पचमढीस जाऊ लागले. आणि आज १९५३ च्या नागपूर कराराला जागून मुंबईचे सरकार हिवाळी अधिवेशनासाठी फायलींच्या गठ्ठ्यांसह काही दिवस आपल्याकडे येऊन राहते. पहिल्यांचा तळ गरजेपोटी हले, दुसऱ्यांचा सुखापोटी, आणि तिसऱ्यांचा शब्द दिला आहे म्हणून. आमचे बहुतेक हौशी खेळाडू मुक्काम निवडताना भोसल्यांच्या स्वारास विसरतात आणि अजाणता लाटसाहेबाचे अनुकरण करतात; ऊन टाळावे, हवा थंड असावी, खिडकीतून डोंगर दिसावा, एवढ्यावर त्यांची निवड संपते.

वास्तविक नागपूरकराजवळ ऊन हे भांडवल आहे. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि जेथे नवतपाचे नऊ दिवस लोक दिनदर्शिकेवर खूण करून सोसतात, तेथील माणसाने उष्णतेशी जुळवून घेण्यासाठी प्रवासखर्च करणे हे विहिरीच्या मालकाने पाणी विकत घेण्यासारखे आहे. उन्हात रोज तासभर बेताने व्यायाम केला असता दहा ते चौदा दिवसांत शरीर पालटते: रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते, आणि त्याच श्रमाला हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडतात. येथल्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली; त्या मार्गात आरंभीच जूनमधले धगधगते वाळवंट लागते, आणि अनेकांचे अवसान तेथेच गळते; नागपूरच्या माणसास ते ऊन अगदीच परके वाटले नसावे, असा माझा आपला तर्क आहे.

परंतु या भांडवलात एक खोट आहे, आणि ती न ओळखल्याने आपले लोक गोव्यात फसतात. आपले वैशाखातले ऊन कोरडे. एक लिटर घाम कातडीवरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नागपुरात तो इतक्या त्वरेने उडतो की अंगरखा ओला झाल्याचे कळतही नाही, फक्त त्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. कोकणपट्टीत शरद ऋतूत पारा जेमतेम बत्तीस-तेहेतीस दाखवितो, आणि ते आकडे वाचून नागपूरकर मनातल्या मनात हसतो. पण तेथील हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने घाम उडत नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम शरीराचे पाणी नेतो, उष्णता मात्र जागीच ठेवतो. दमटपणाची ही सवय घरी होत नाही. (कूलर चालू करून दारे लावून घेतल्यास आपल्या घरात कोकण अवतरते खरे, आणि काही उत्साही मंडळी अशा खोलीत ट्रेनरवर सायकल चालवितात, त्यांच्या कुटुंबीयांविषयी मला सहानुभूती आहे.)

आता उंचीचा प्रश्न. परदेशी धावपटू महिनामहिना डोंगरावर जाऊन राहतात, केनियातल्या इटेनला जगभरचे धावपटू जातात, हे वाचून चिखलदरा आणि पचमढी ही नावे डोळ्यांपुढे येणे स्वाभाविक आहे. विरळ हवेत प्राणवायू कमी मिळू लागला की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचा स्राव वाढतो, त्याच्या आज्ञेने हाडांतील मज्जा अधिक तांबड्या पेशी घडविते, आणि खाली आल्यावर त्या काही काळ कामास येतात, असा हा हिशेब आहे. १९६८ चे ऑलिंपिक २,२४० मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत भरले तेव्हापासून या विषयाकडे शास्त्रज्ञांचे विशेष लक्ष गेले. आणि १९९७ साली लेव्हाइन व स्ट्रे-गुंडरसन या अमेरिकन संशोधकांनी २,५०० मीटरांवर राहावे पण सराव १,२५० मीटरांवर उतरून करावा, म्हणजे रक्तही सुधारते आणि वेगही मंदावत नाही, असे प्रयोगान्ती दाखविले. यातले आकडे लक्षात घ्या. हा लाभ सुमारे दोन हजार मीटरांच्या वर, आणि तोही तीन-चार आठवडे राहिल्यास. चिखलदरा आहे १,११८ मीटरांवर, पचमढीही त्याच जातकुळीची. म्हणजे ज्या उंचीवर त्या संशोधकांनी आपले खेळाडू सरावासाठी *खाली* आणले, तीहून आपली ही गिरिस्थाने ठेंगणी. पंधरा दिवसांच्या रजेत तेथे रक्त पालटण्याची आशा धरणे व्यर्थ होय.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले असते तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी एका गिरिस्थानी, नाव सांगत नाही, मे महिन्यात मी सायकलसह दहा दिवसांसाठी जाऊन राहिलो. तरणतलाव आहे, असे पत्रोत्तर आले होते. होताही, परंतु दुरुस्तीस्तव कोरडा, आणि त्याच्या तळाशी दोन शेळ्या निवांत रवंथ करीत होत्या. लॉज बसस्थानकालगत असल्याने पहिली गाडी पहाटे चारला आणि शेवटची वरात रात्री एकला; त्यामध्ये जी झोप मिळे तीवर मी सकाळी घाट चढे. चौथ्या दिवशी सायकलचा डिरेलर हँगर मोडला. बोटाएवढा हा ॲल्युमिनियमचा तुकडा गावात तर सोडाच, जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळेना. उरलेले सहा दिवस मी पर्यटकांबरोबर सूर्यास्त पाहिले आणि भजी खाल्ली. हवा मात्र फार सुरेख होती.

म्हणून चिखलदऱ्यास जाऊच नये, असे नाही. ते कशासाठी उपयोगी आहे एवढे ठरवून जावे. नागपूर सपाट पडले. सेमिनरी हिल्सच्या चढावर दहा फेऱ्या घातल्या तरी पायांना लांब चढाची ओळख होत नाही, कारण दर दोन मिनिटांनी उतार येऊन त्यांना क्षमा करतो. परतवाड्याहून वर चढणारा घाट अशी क्षमा करीत नाही: तेथे बसल्या बैठकीने, एकाच लयीत, तासाहून अधिक काळ पायडल मारीत राहावे लागते, आणि गोव्याच्या लहान लहान चढउतारांच्या रस्त्यासाठी मांड्यांना जे बळ लागते त्याची ही उत्तम तालीम आहे. हे काम दोन दिवसांत होते. राज्य सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला असल्याने आमच्या प्रश्नकर्त्यांना त्यासाठी रजेचा एकही दिवस खर्चण्याचे कारण नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघावे, परतवाड्यास राहावे, शनिवारी आणि रविवारी घाट चढावा, रात्री घरी यावे. मेळघाटचे रान लगतच आहे, आणि अस्वलास सायकलस्वाराच्या वेळापत्रकाची माहिती नसते. तेव्हा उजाडल्यावाचून रस्त्यावर उतरू नये. पावसाळ्यात धुके इतके दाट होते की समोरची एसटी अंगावर आल्यावरच दिसते. ते महिने वगळावेत.

राहिला समुद्र. विदर्भातला पट्टीचा पोहणाराही पहिल्यांदा समुद्रात उतरला म्हणजे गांगरतो, आणि त्याचे कारण दमसास नव्हे. तलावात तळाशी काळी रेघ असते, ती धरून माणूस सरळ जातो. अंबाझरीसारख्या गोड्या पाण्यात रेघ नसली तरी समोरचा बांध तरी जागेवर असतो. समुद्रात खुणेचा बोया लाटेआड लपतो आणि मान वर काढून तो पाहण्याची कला, जिला या खेळातले लोक ‘साइटिंग’ म्हणतात, ती साधली नाही तर पाऊण किलोमीटर पोहून माणूस किनाऱ्याला समांतर दोनशे मीटर वाहवलेला असतो. खारे पाणी शरीराला थोडे अधिक तोलून धरते, ही त्याची मेहेरबानी; पण तेच दोन घोट पोटात गेले तर पुढचे नव्वद किलोमीटर मळमळत काढावे लागतात. या गोष्टी सांगून येत नाहीत. आठ-दहा सकाळी खाऱ्या पाण्यात घालवाव्या लागतात.

त्यासाठी गोव्यातच जाऊन राहावे, हा उघड सल्ला. पहिली स्पर्धा २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली, तेव्हा स्पर्धेचे पाणी आणि रस्ता आधीच डोळ्यांखालून घालण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु पणजी शहर आहे, शहराचे भाडे आणि शहराची रहदारी घेऊन बसलेले; मला विचाराल तर पहिले दहा दिवस मालवणात काढावेत. चिवल्याचा किनारा अर्धचंद्राकृती आणि बऱ्यापैकी आडोशाचा, तेथे डिसेंबरात समुद्रातील पोहण्याच्या स्पर्धा भरत आल्या असल्याने कमरेला रंगीत फुगा बांधून पोहणारा मनुष्य दिसला तरी लोक गर्दी करून पाहात नाहीत, गावाबाहेर पडताच चढउताराचे रस्ते सुरू होतात, आणि निवास-न्याहारीची घरे पुष्कळ. शेवटचे चार-पाच दिवस पणजीस जावे. रस्ता तीनेक तासांचा.

काळाचे पथ्य मात्र कडक आहे. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत खुद्द कोळी दर्यात जात नाहीत, तेथे नागपूरच्या कारकुनाने धाडस करू नये. नारळ वाहिल्यानंतरही काही आठवडे दर्या पुरता निवळत नाही. दसऱ्याच्या सुमारास तो पोहण्याजोगा होतो, आणि भोसल्यांचे स्वारही त्याच सुमारास बाहेर पडत, हा योगायोग मला आवडतो. भरतीची वेळ काढण्यास यंत्राची गरज नाही: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जो येईल तो भरतीचा अदमासे तास. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा. जागेप्रमाणे त्यात थोडेफार अंतर पडते, तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारास विचारून ते एकदा ताडून घ्यावे. कधीही एकट्याने उतरू नये, होडीवाला ठरवावा.

तेव्हा हिशेब असा बसतो. रजेचे पंधराही दिवस समुद्रास, आणि तेही स्पर्धेच्या लगत आधी. दमट हवेची सवय व्हावयास तेवढेच लागतात आणि घरी परतल्यावर ती दोन-चार आठवड्यांत ओसरते, म्हणून ती आधी कमावून ठेवता येत नाही. अवघड मेहनत मात्र रजेवर निघण्यापूर्वीच, नागपुरात, संपलेली असावी. हे पुष्कळांना पटत नाही: एवढी रजा, एवढा खर्च, आणि तेथे जाऊन दिवसाला दीड-दोन तासच व्यायाम? पण तळावर जाऊन जो घोडे दमवितो त्याला लढाईत पायी जावे लागते. रिकामा वेळ खुपत असेल तर झोपावे.

घर पाहताना माझ्या अनुभवाने तीन चौकशा कराव्यात, आणि त्या समक्ष किंवा दूरध्वनीवर, छायाचित्रांवरून नव्हे. रात्री आवाज कसला येतो. सायकल रात्रीची घरात घेऊ देतात की ओटीवर ठेवावी लागते. आणि पहाटे पाचच्या आत काही शिजवून मिळेल काय. तिसरी चौकशी सर्वांत महत्त्वाची. आपण पोळी-वरणाची माणसे, नव्या गावी गेलो की पहिल्या रात्रीच माशाच्या तिखट कालवणावर तुटून पडतो आणि दुसरी सकाळ भलत्याच कारणाने जागवितो. सुटे हँगर दोन न्यावेत. एक का नको, हे वर आलेच आहे.

मालवणात मी ज्या घरी उतरलो होतो तेथल्या मावशी मला पहाटे साडेचारला उकड्या तांदळाची पेज देत, वर मिठाचा खडा आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. धावपळीच्या तासाआधी पोटाला याहून सोज्वळ काही मी खाल्लेले नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी, मी डोळे लाल आणि केस खारट करून परत आलो असता, त्यांनी ओटीवरून विचारले, ‘दर्यात तुमचा काय हरवला हा, रोज उठान शोधूक जातास?’ मी बोया सापडत नाही म्हणून सांगितले. त्यांनी थोडा विचार करून आपल्या भाच्याला हाक मारली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची होडी माझ्यापुढे पन्नास हात चालू लागली.

(पुढील लेखांक : सायकल सुटी करून पेटीत कशी भरावी.)