सरकणारे १८० दिवस

लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांच्यामधून मोझेल नदी वाहते, पण तिच्या पात्रात सीमारेषाच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या करारांपासून ते पाणी दोन्ही देशांच्या सामाईक मालकीचं आहे. फ्रान्सची हद्दही जिथे येऊन टेकते, तिथे काठावर शेंगेन नावाचं द्राक्षमळ्यांचं गाव आहे. १४ जून १९८५ रोजी या गावाजवळ नदीतल्या एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी आपसातली तपासणीनाकी हळूहळू उठवण्याच्या करारावर सह्या केल्या. यातल्या काही देशांमध्ये तर दोन महायुद्धं झाली होती!

नाकी प्रत्यक्षात उठायला १९९५ साल उजाडलं. या करारातून उभ्या राहिलेल्या शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत आणि त्यांचा अल्पमुदतीचा व्हिसा एकच. स्वित्झर्लंडने दिलेल्या व्हिसावर फिनलंडही पाहता येतं. म्हणजे आपल्या दारात कोणी यावं, हे ठरवायचं काम प्रत्येक देशाने उरलेल्या अठ्ठावीस देशांच्या अधिकाऱ्यांवरही सोपवलं आहे. एवढा विश्वास कागदावर उतरवता येतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. अर्ज मात्र जिथे मुक्काम जास्त, त्याच देशाकडे करायचा. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार, त्या देशाकडे.

पण खरी गंमत मुदतीच्या हिशेबात आहे. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हे १८० दिवस कॅलेंडरवर कुठेही ठोकून बसवलेले नाहीत. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून, मागचे १८० दिवस मोजायचे. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मुक्कामात धरायचे.

समजा, बाळंतपणासाठी लेकीकडे म्युनिकला गेलेली आई १ जानेवारी २०२६ला पोचली आणि ३१ मार्चला परतली. नव्वद दिवस पुरे झाले. २९ जूनला तिने पुन्हा पाऊल ठेवलं तर मागच्या १८० दिवसांत १ जानेवारी अजून आहेच, म्हणून बेरीज ९१ होते. ३० जूनला मात्र १ जानेवारी हिशेबातून गळतो आणि ती आत येऊ शकते. १ जुलैला २ जानेवारी गळतो. रोज मागचा एक दिवस सुटतो, पुढचा एक जोडला जातो आणि बेरीज ९०वरच राहते! तिला सलग आणखी नव्वद दिवस राहता येतं. फक्त व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा आणि त्याची स्वतःची मुदतही शिल्लक हवी.

पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरचे शिक्के बघून लावत. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर चेहऱ्याची आणि बोटांच्या ठशांची नोंद घेणारी संगणकीय यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली. आता दिवस तीच मोजते.