सात जानेवारीचा नाताळ

माझ्या शेजारच्या टेबलावरचा इजिप्तचा सहकारी ख्रिस्ती आहे, हे मला दोन वर्षांनी कळलं. अरबी बोलतो म्हणजे मुसलमान, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं! मग २५ डिसेंबरला शुभेच्छा दिल्या, तर म्हणाला, "आमचा नाताळ ७ जानेवारीला." त्यांच्या चर्चचं पंचांग जुनं, तेरा दिवस मागे चालणारं. तिथी-तारखेचा घोळ जन्मभर घातलेल्या आपल्याला हे समजायला जड नाही.

हे लोक कॉप्ट. इजिप्तच्या ग्रीक नावावरून आलेला हा शब्द; अर्थ 'इजिप्शियन' एवढाच. सातव्या शतकात अरब फौजा आल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथले ख्रिस्ती. आज लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के असावेत. फॅरोंच्या भाषेचं शेवटचं रूप त्यांच्या प्रार्थनेत उरलं आहे. घरात मात्र अरबीच.

"तिथे त्रास होतो का हो?" मी बावळटासारखं विचारलं. मला वाटलं, तो बॉम्बस्फोटांबद्दल बोलेल. २०१७ साली झावळ्यांच्या रविवारी तांता आणि अलेक्झांड्रियात झालेच होते. तो बोलला छपराबद्दल.

चर्च बांधायला सुलतानाची परवानगी हवी, हे ऑटोमन फर्मान १८५६ चं. सुलतान गेले, राजे गेले. तो अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे आला. १९३४ साली गृहखात्याने वर दहा अटी घातल्या: जवळची मशीद किती अंतरावर, शेजारच्या मुसलमानांची हरकत आहे का, वगैरे. मशिदींना ही यादी नव्हती. १९९० च्या दशकातही साध्या दुरुस्तीचा कागद थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाई. मग लोक एखाद्या घरातच गुपचूप प्रार्थना करत. 'चर्च बांधताहेत' एवढी अफवासुद्धा जमाव जमायला पुरे होई.

याच्या गावच्या चर्चच्या तुळयांना वाळवी लागली. अर्जाला उत्तर नाही. शेवटी वडील आणि दोन काका रात्री एकेक तुळई बदलत आणि उजाडायच्या आत वरून मातीचा लेप देत. नवं काम जुनं दिसावं म्हणून!

२०१६ च्या कायद्याने हा निर्णय प्रांताच्या गव्हर्नरकडे आला, चार महिन्यांच्या मुदतीत. विनापरवाना उभ्या असलेल्या तीन हजारांहून अधिक इमारतीही त्यानंतर कायदेशीर झाल्या. अर्थात कागदाने जमाव थांबतोच असं नाही, हे त्याचंच म्हणणं.

यंदा ६ जानेवारीच्या मध्यरात्री, त्यांचा त्रेचाळीस दिवसांचा उपास सुटल्यावर, आम्ही जर्सी सिटीत त्याच्याकडे जेवलो. त्याने गावच्या चर्चचा फोटो दाखवला. नवा स्लॅब पडला आहे. परवानगीचा कागद चौकटीत घालून आत भिंतीवर लावला आहे, मेरीमातेच्या तसबिरीशेजारी.