ज्वालामुखी आधी, जग नंतर

हरवलेल्या जगाच्या सिनेमांची गोष्ट बहुतेकदा एकच असते. घनदाट रान, उभा कडा आणि कड्यात एक फट. फटीतून चार माणसं आत शिरतात आणि बाहेर ज्याचा काळ केव्हाच सरला, ते सगळं आत धडधाकट नांदताना दिसतं. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही त्या फटीपाशी दर वेळी श्वास अडकतो. असं का होतं? हा प्रश्न जळगावच्या पिंप्राळ्यात पडला, तर उत्तर साठेक किलोमीटरवर आहे. जळगावहून नेरी, पहूर करत अजिंठ्याच्या लेण्यांसाठी फर्दापूरला उतरायचं.

२८ एप्रिल १८१९. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या डोंगरात हिंडत होता. वाघूर नदीच्या घळीपलीकडे, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या कड्यात, झाडोऱ्याआडून त्याला एक कोरीव कमान दिसली. ती दहाव्या लेण्याची, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहाची. सिनेमात वाट दाखवणारा एक स्थानिक असतोच. इथेही एका गुराखी पोराने जागा दाखवली असं सांगतात. डोंगरातल्या माणसांना ती ठाऊकच होती.

आत जाऊन स्मिथने खांबावरच्या बोधिसत्त्वाच्या चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरली. ते कोरणं वाईटच. पण ती अक्षरं आज शोधायची तर मान वर करावी लागते, ती आपल्या डोक्याच्याही वर आहेत. स्मिथ उंच नव्हता, जमीन उंच होती! शतकानुशतकं आत साचलेल्या मातीदगडांच्या ढिगावर तो उभा होता. पुढे ढीग उपसला गेला, आणि किती काळ इथे कुणी झाडू फिरवला नव्हता याची खूण तेवढी खांबावर राहिली.

या सिनेमांची खरी जादू मला इथे सापडते. गेलेल्या काळात जाता येत नाही, पण जागेपर्यंत चालत जाता येतं. हे सिनेमे काळालाच जागा करून टाकतात. आर्थर कॉनन डॉयलने १९१२च्या आपल्या कादंबरीत दक्षिण अमेरिकेतल्या एका सपाट माथ्याच्या पठारावर डायनासोर जिवंत ठेवले. रोराइमासारखे असे डोंगर तिथे खरोखर आहेत. चहूबाजूंनी ताशीव कडे असल्यामुळे माथ्यावरचे जीव इतरांपासून तुटले आणि वेगळेच घडत गेले. रोराइमावर एक चिमुकला काळा बेडूक आहे, ज्याला उड्या मारता येत नाहीत, तो चालतो.

त्या कादंबरीवरचा मूकपट १९२५चा. विलिस ओब्रायनने त्यात प्राण्यांच्या छोट्या प्रतिकृती केसभर हलवायच्या, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायच्या, असं करत डायनासोर चालवले. मार्सेल डेलगाडोने धातूच्या सांगाड्यावर रबराची कातडी चढवली आणि आत हवेच्या पिशव्या बसवल्या, म्हणून ते प्राणी श्वास घेताना दिसतात. शंभर वर्षं झाली, तरी ती हलणारी बरगडी पाहून अंगावर काटा येतो.

शेवटाकडे त्या पठारावर ज्वालामुखी फुटतो आणि प्राणी सैरावैरा धावतात. अजिंठ्यात हा क्रम उलटा आहे. इथे ज्वालामुखी आधी येऊन गेला. लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तो दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पृथ्वीवरचे शेवटचे महाकाय डायनासोर त्याच सुमाराचे. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावजवळ मिळालेला लांब मानेचा इसिसॉरस त्यांतलाच. त्या आगीचा थिजलेला थर छिन्नीने पोखरून माणसांनी आत तीसेक लेणी वसवली, रंगवली आणि सोडून दिली.

मग आगही आली, पण इथे नाही. १८४४ साली रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याकडे चित्रांच्या नकला करण्याचं काम आलं. त्याने वर्षानुवर्षं खपून मोठमोठी तैलचित्रं केली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडली होती आणि १८६६च्या आगीत त्यांतली बहुतेक जळून गेली. ना. धों. महानोरांनी गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांच्यावर 'अजिंठा' हे काव्य लिहिलं, त्यावर नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ साली सिनेमा केला. नकला जळाल्या, पण मूळ चित्रं भिंतींवर आहेत. पहिल्या लेण्यात डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. पद्मपाणी डाव्या हाताला आहे.