एआयला नीट कसं विचारायचं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं. पाठोपाठ जेमिनी, क्लॉड आणि व्हॉट्सअ‍ॅपमधला मेटा एआय असे चॅटबॉट मोबाइलवर येऊन बसले. आज बुलढाणा जिल्ह्यातही शेतकरी पिकाच्या रोगाबद्दल, शिक्षक प्रश्नपत्रिकेसाठी आणि दुकानदार जाहिरातीसाठी त्यांना विचारतात. तक्रार मात्र बहुतेकांची एकच असते. उत्तर लगेच येतं, पण कामाचं येत नाही. याचं खापर कधी यंत्रावर फुटतं, कधी स्वतःच्या कच्च्या इंग्रजीवर. खरी उणीव बहुतेक वेळा विचारण्यात असते आणि ती भरून काढणं आपल्या हातात आहे. चॅटबॉटला आपण जी सूचना देतो तिला प्रॉम्प्ट म्हणतात. ज्याला आपलं काम बारकाईने ठाऊक आहे, त्याच्याकडे चांगल्या प्रॉम्प्टचं भांडवल आधीच असतं. ते वापरायच्या आड काही गैरसमज येतात.

गैरसमज १: मी कुठून आणि कशासाठी विचारतोय, हे त्याला कळतं.

वस्तुस्थिती: चॅटबॉट प्रचंड मजकुरावर शिकलेला असतो. समोरच्या शब्दांनंतर कोणता मजकूर येण्याची शक्यता जास्त, हे ओळखत तो उत्तर तयार करतो. म्हणून मोघम प्रश्नाला तो सर्वांत सरधोपट अर्थ लावतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदच्या माणसाने नुसतं ‘जळगावची बाजारपेठ’ म्हटलं, तर उत्तर खान्देशातल्या जळगावचं येण्याचीच शक्यता जास्त, कारण त्या शहराबद्दलचा मजकूर कितीतरी अधिक आहे. बुलढाणा जिल्ह्याप्रमाणे चिखली पिंपरी-चिंचवडमध्येही आहे आणि मलकापूर कऱ्हाडजवळही आहे. तेव्हा गावासोबत तालुका आणि जिल्हा लिहायची सवय लावावी.

नावाइतकीच परिस्थितीही सांगावी लागते. आपल्याकडे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ एवढं म्हटलं की जमीन, पाणी, पीक यांचा अंदाज येतो. चिखली-मेहकरचं पठार वेगळं आणि पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा वेगळा. चॅटबॉटला हा फरक ऐकून माहीत असला, तरी तुमचं शेत कुठल्या बाजूला आहे हे तुम्हीच सांगायला हवं.

गैरसमज २: चांगलं उत्तर हवं तर इंग्रजीतच विचारावं लागतं.

वस्तुस्थिती: आजचे प्रमुख चॅटबॉट मराठी समजतात आणि मराठीत उत्तरही देतात. इंग्रजी मजकुरावर ते जास्त शिकलेले आहेत, त्यामुळे एखाद्या दुर्मीळ तांत्रिक विषयावर इंग्रजीत अधिक तपशील मिळू शकतो. पण मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्धवट विचारण्यापेक्षा स्पष्ट मराठीत पूर्ण विचारलेलं केव्हाही बरं. ‘माहिती इंग्रजी स्रोतांतून घे, उत्तर सोप्या मराठीत दे’ अशी सूचनाही चालते. उत्तरात हिंदी वळणाची वाक्यं आली, तर तसं सांगून पुन्हा लिहून घ्यावं.

बोलून टाइप करणाऱ्यांनी पाठवण्याआधी एकदा वाचून पाहावं. आकडे, औषधांची नावं आणि गावांची नावं तिथेच चुकतात.

गैरसमज ३: एखादं जादूचं वाक्य असतं; ते टाकलं की झालं.

वस्तुस्थिती: ‘तू जगातला सर्वोत्तम कृषितज्ज्ञ आहेस’ असं लिहून सुरुवात करायचा सल्ला सगळीकडे फिरतो. अशा भूमिकेने उत्तराचा सूर बदलतो, मांडणी बदलते. पण चॅटबॉटला जे माहीत नाही, ते त्यामुळे माहीत होत नाही. ‘खोटं बोलू नकोस’ असं बजावल्यानेही चुका थांबत नाहीत.

उपयोग होतो तो नमुना दाखवल्याचा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संशोधकांनी २०२० साली जीपीटी-३ या मॉडेलबद्दल (मॉडेल म्हणजे चॅटबॉटमागची संगणक प्रणाली) दाखवून दिलं, की सूचनेत दोन-चार उदाहरणं दिली तर मॉडेल त्याच धर्तीवर काम करू लागतं. ग्रामसभेची सूचना लिहून हवी असेल, तर गेल्या वेळची सूचना चिकटवा आणि म्हणा, ‘हाच साचा आणि हीच भाषा ठेव, तारीख, वेळ आणि विषय बदल.’ भाषेचं वर्णन करत बसण्यापेक्षा हे सोपं आणि नेमकं.

गैरसमज ४: प्रॉम्प्ट जितका लांब, तितकं उत्तर चांगलं.

वस्तुस्थिती: लांबीने काम होत नाही, निर्णायक तपशिलाने होतं. फार लांबलचक मजकुराच्या मध्यात दडलेली माहिती मॉडेलकडून निसटू शकते, असं २०२३ च्या एका संशोधनात दिसून आलं. म्हणून मुख्य मागणी सुरुवातीला किंवा शेवटी स्वतंत्र ओळीत लिहावी.

निर्णायक तपशील म्हणजे काय, ते सोयाबीनवरून पाहू. नेहमीचा प्रश्न असतो, ‘सोयाबीन पिवळं पडलं, काय फवारू?’ पिवळं पडण्याची कारणं अनेक. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. लोह कमी पडलं तर वरची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे चट्टे दिसतात. यातलं काहीच न सांगता विचारलं, तर सर्व कारणांची आणि औषधांची सरसकट यादी हाती येते.

आता हाच प्रश्न असा विचारून पाहा:

‘मेहकर तालुका, जिल्हा बुलढाणा. काळी, चुनखडीयुक्त जमीन. सोयाबीन ३५ दिवसांचं आहे. आठ दिवस सलग पाऊस झाला आणि शेतात पाणी साचलं होतं. वरची कोवळी पानं पिवळी आहेत, शिरा हिरव्या आहेत, खालची पानं ठीक आहेत. पांढरी माशी दिसत नाही. संभाव्य कारणं शक्यतेच्या क्रमाने सांग. प्रत्येक कारण शेतात कसं ओळखायचं ते लिही. त्यानंतरच उपाय सांग. माहिती कमी वाटली तर आधी मला प्रश्न विचार.’

यात अलंकारिक असं एकही वाक्य नाही. पाहणी आहे, आणि ती बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच करता येते. इतक्या माहितीवर लोहाच्या कमतरतेची शक्यता वर येते आणि विनाकारण कीटकनाशक फवारण्याचा खर्च टळू शकतो. औषधाचं नाव आणि प्रमाण मात्र सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून पक्कं केल्याशिवाय फवारू नये.

गैरसमज ५: उत्तर ठाम आहे, म्हणजे ते खरं आहे.

वस्तुस्थिती: चॅटबॉट चुकीचं उत्तरही तितक्याच सफाईने देतो. कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचं नाव किंवा शासन निर्णयाचा क्रमांकही देतो. शिवाय जिथे अभ्यासकांचंच एकमत नाही, तिथे एकच आकडा सांगून मोकळा होऊ शकतो.

लोणार सरोवराचं वय हे याचं चांगलं उदाहरण. बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. एका पद्धतीने मोजलेलं त्याचं वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनातून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. म्हणजे दहापटीहून जास्त तफावत. धड्याची तयारी करणाऱ्या शिक्षकाने ‘लोणार किती जुनं आहे?’ असं विचारलं, तर यातला एकच आकडा मिळू शकतो. ‘लोणारचं वय कोणकोणत्या पद्धतींनी काढलं, प्रत्येकीचा निष्कर्ष काय आणि फरक का पडला?’ असं विचारलं, तर मतभेदासकट चित्र समोर येतं. ते वर्गात सांगण्यासारखं असतं, कारण विज्ञान कसं पुढे सरकतं हे मुलांना त्यातून कळतं.

गैरसमज ६: चॅटबॉटची माहिती नेहमी ताजी असते.

वस्तुस्थिती: मॉडेलचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं. इंटरनेटवर शोध घेण्याची सोय चालू असेल तरच पुढचं कळतं, आणि तेव्हाही जुनी पानं हाती लागू शकतात. पीक विम्याचं पाहा. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के असा झाला. जुन्या माहितीवर विसंबलेला चॅटबॉट आजही एक रुपयाच सांगू शकतो.

यावर भक्कम उपाय म्हणजे मूळ कागद त्याच्यापुढे ठेवणं. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. तो चिकटवून लिहा, ‘फक्त या मजकुराच्या आधारे उत्तर दे. कोणत्या परिच्छेदातून घेतलं ते सांग. यात उत्तर नसेल तर नाही असं म्हण.’ मग दाखवलेला परिच्छेद स्वतः वाचा.

गैरसमज ७: पहिलं उत्तर हेच शेवटचं.

वस्तुस्थिती: पहिलं उत्तर हा मसुदा समजावा. ‘हे आवडलं नाही’ म्हटल्याने फारसं सुधारत नाही. ‘दुसरा परिच्छेद काढ, खर्च एकरी सांग, आठवीच्या मुलाला कळेल असं लिही’ असं नेमकं सांगितलं की फरक पडतो. हिशेबाच्या प्रश्नात पायऱ्या मांडायला लावाव्यात. पायऱ्यापायऱ्यांनी विचार करायला लावल्यास अनेक मॉडेल गणितं अधिक बरोबर सोडवतात, हे २०२२ च्या संशोधनांतून पुढे आलं, आणि पायऱ्या समोर असल्या की आपल्यालाही आकडे तपासता येतात. विषय बदलला तर मात्र नवीन चॅट उघडावं, म्हणजे आधीच्या बोलण्याची सरमिसळ होत नाही.

गैरसमज ८: पूर्ण तपशील म्हणजे आधार क्रमांकसुद्धा.

वस्तुस्थिती: अर्ज लिहून घ्यायला आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी किंवा नावासकट दवाखान्याचा रिपोर्ट द्यायची गरज नसते. नावाच्या जागी ‘अर्जदार’ आणि क्रमांकाच्या जागी रिकामी जागा ठेवून मसुदा घ्यावा; बाकीचं घरी भरावं. आजारपणात चॅटबॉटची मदत डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करायला घ्यावी. औषध डॉक्टरांनीच ठरवावं.

या सगळ्यात अवघड तंत्रज्ञान कुठेच नाही. पीक पाहणं, वर्ग ओळखणं, गिऱ्हाईक समजणं ही कामं इथली माणसं वर्षानुवर्षं करत आली आहेत. तेच ज्ञान चार स्पष्ट ओळींत उतरवायचं आहे. जो प्रॉम्प्ट खरोखर उपयोगी पडला, तो जपून ठेवा आणि गावच्या, शाळेच्या किंवा बचतगटाच्या ग्रुपवर टाका. सोबत कोणत्या महिन्यात आणि कशासाठी वापरला, आणि उत्तर कुणाकडून तपासून घेतलं, तेही लिहा. पुढच्या माणसाला मग कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागणार नाही.