'पाणी काय संपतंय, अजून खाली घ्या!'

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात एक वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता राग येतो : 'पाणी काय संपतंय भाऊ, बोअर अजून शंभर फूट खाली घ्या.'

खाली पाणी आहे, पण ते आलं कुठून? तापीकाठचा गाळ खोल असला तरी त्यात पिवळ्या चिकणमातीचे थर आहेत. पावसाचं पाणी त्यातून सहजी उतरत नाही. ते जिरतं मुख्यतः सातपुड्याच्या पायथ्याशी, दगडगोट्यांच्या अरुंद पट्ट्यात. वर्षाला तिथून जेवढं आत जातं, तेवढीच आपली कमाई. त्यापुढचा उपसा म्हणजे जुनी पुंजी खाणं. जळगावचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. केळीला वर्षाला लागतं साधारण १८०० ते २२००. मधली तूट कोण भरतं, हे मोटारीला विचारा.

केंद्रीय भूजल मंडळाच्या निकषात वार्षिक उपलब्ध भूजलाच्या १०० टक्क्यांहून जास्त उपसा झाला की तालुका 'अतिशोषित' ठरतो. रावेर आणि यावल त्या यादीत आलेले आहेत. याचा अर्थ तिथले शेतकरी पाणी नासतात असा मुळीच नाही. प्रत्येकाने जपून वापरलं तरी बेरीज जास्त होऊ शकते, आणि खोल बोअरने ती बेरीज कमी होत नाही. आधी शेजारची उथळ विहीर आटते, मग कर्ज काढून शेजारीही खाली जातो. खर्च दोघांचा वाढतो, पाणी तेवढंच राहतं. म्हणून तर २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई आहे. आणि धुळ्याकडच्या काळ्या पाषाणात तर खोल जावं तशा भेगाच कमी होतात. तिथे बोअरमधून नुसती भुकटी वर येते.

अशी आणखीही वाक्यं ऐकू येतात. 'ठिबक केलं, आता चिंता नाही.' ठिबक हवंच. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली तर उपसा होता तेवढाच राहतो.

'पाणाड्याचा नारळ खोटं बोलत नाही.' नारळाला भूगर्भ कळत नाही.

'यंदा पाऊस चांगला झाला, भरपाई झाली.' अनेक वर्षांची तूट एका पावसाळ्यात भरत नाही.

'आता मेगा रिचार्ज येतंय.' तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा महाराष्ट्र-मध्य प्रदेश करार १० मे २०२५ रोजी झाला. करार झाला म्हणून त्या दिवशी विहिरीची पातळी वर आली नाही. मोटारी मात्र त्या दिवशीही चालूच होत्या.